उपाशी ऐकणारी

"देवके, कहाणी भिंतीले सांगू नोको. सामनं माणूस पाह्यजे, अन् तेही उपाशी. भरल्या पोटाच्या कानात कहाणी शिरत नाही."

सासूबाईंना जाऊन तप लोटलं होतं. पण श्रावणातला रविवार उजाडला की त्यांचा हा आवाज देवकाबाईंच्या कानाशी यायचा, जराही म्हातारा न होता. आज तर तो सारखा येत होता, कारण ऐकणारं माणूसच मिळत नव्हतं.

देवघरात सगळी मांडामांड झाली होती. पाटावर तांदूळ, तांदळावर तांब्या, बाजूला तुपाचा दिवा, वाटीत गूळ-फुटाणे. स्वयंपाकघरात बिनमिठाची भाकर-भाजी झाकून ठेवलेली. धाकट्या सुधाकरच्या टायफाइडात त्यांनी हे सूर्यनारायणाचं व्रत धरलं होतं. सुधाकर बरा झाला, शिकला, नागपूरला नोकरीला लागला, आणि आता आईला पत्र लिहायचाही कंटाळा करू लागला. व्रत मात्र जसंच्या तसं चालू होतं. कहाणी सांगायची, ऐकणाऱ्यापुढे प्रसाद धरायचा आणि मगच घास घ्यायचा. एकही रविवार चुकला नव्हता.

ऐकायला एरवी शेजारच्या शांताबाई असत. त्यांचाही रविवार असे. पण सत्याऐंशीच्या त्या श्रावणात राखी नेमकी रविवारी आली, आणि शांताबाई सकाळच्या पॅसेंजरनं भावाला राखी बांधायला तिगावला निघून गेल्या. त्या जाणार हे देवकाबाईंना आठवडाभर ठाऊक होतं. त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला तो दिवा लावून झाल्यावर.

मग त्या बोळीत हिंडल्या. पांढुर्ण्यातली ती सगळी बोळ कापूस-संत्र्यावर पोसलेल्या कुणब्यांची, पण सणाच्या दिवशी सकाळी उपाशी राहणारं एकही माणूस तिच्यात सापडेना. भजनी मंडळाच्या प्रेमलताबाईंच्या हातात जिलेबीच होती. त्यांच्या दोन्ही सुनांचे पोहे झाले होते. पलीकडच्या उर्मिलाला उपास होता, पण तिनं आत्ताच साबुदाण्याची उसळ खाल्ली होती, आणि ती चालते का हे सांगायला सासूबाई हयात नव्हत्या. देवकाबाईंनी मनातल्या मनात विचारून पाहिलं. चालत नाही, असं उत्तर आलं.

घरी परत आल्या तर त्यांचे यजमान पुंडलिकराव ओट्यावर पेपर वाचत बसलेले. ते म्हणाले, "मी ऐकतो न. माहा तं निस्ता चहा झाला."

"अन् टोस्ट?"

"टोस्ट काही खाणं होय काय?"

 मागं एकदा शांताबाई आजारी असताना पुंडलिकरावांनी उपाशी राहून कहाणी ऐकली होती आणि ती अर्ध्यावर येईतो घोरायला लागले होते. तो रविवार जमेस धरायचा की नाही, ही रुखरुख अजून देवकाबाईंच्या मनात होती.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावर त्यांना पांढरं पातळ दिसलं.

समोरचं घर यशवंतराव गुरुजींचं. गुरुजी मुलाकडे राहायला गेले आणि घर त्यांनी वीज मंडळातल्या वामन लाइनमनला भाड्यानं दिलं. वामन आणि त्याची बायको इंदू वैशाखात राहायला आले तेव्हा बोळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता, कारण ते बौद्ध होते आणि त्या बोळीत आजवर त्यांच्यातलं कोणी राहिलं नव्हतं. देवकाबाई त्या चर्चेत पडल्या नाहीत. वाकडा शब्द बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या फक्त नळावर इंदूची कळशी भरून झाली की तोटीवर लोटाभर पाणी ओतत आणि मग आपली कळशी लावत. बुद्धपौर्णिमेला इंदूनं वाटीभर बुंदी आणून दिली, तेव्हा त्यांनी ती हसून दोन्ही हातांनी घेतली आणि मागच्या गोठ्यात जाऊन गाईपुढे ठेवली. अन्न टाकलं नाही, कुणाचं मन दुखवलं नाही, असं त्यांना वाटलं. समोरच्या घराच्या खिडकीतून गोठा दिसतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. इंदूचं नाव त्यांना माहीत होतं, पण तोंडी आलं नव्हतं. त्या तिला 'लाइनमनची बायको' म्हणत.

आता मात्र तिच्या अंगावरचं पांढरंशुभ्र पातळ पाहून त्यांच्या काळजात चर्र झालं. सणाच्या दिवशी कोण गेलं असेल बिचारीचं? कुणाच्याही दुःखाला जावं, ही सासूबाईंचीच शिकवण. त्या बोळीच्या मधोमध गेल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "कोण गेलं, बाई?"

"कुठी?" इंदूनं विचारलं.

"नाही, पांढरं नेसून राहिली म्हणून म्हटलं."

इंदूनं आधी तोंडावर पदर धरला, मग तिला हसू आवरलंच नाही. "कोणी नाही गेलं, काकू. आज पौर्णिमा होय नं, आमचा उपोसथ. पांढरं नेसतो, शील घेतो, उपास राह्यते."

"उपास? म्हणजे सकाळपासून पोटात काहीच नाही?"

"पाणी पेली."

हे ऐकून देवकाबाईंचा चेहरा असा उजळला, की इंदू चकित होऊन पाहतच राहिली. त्यांनी मग घाईघाईनं आपली अडचण सांगितली. सांगताना नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, तिच्या दाराच्या कडीवर होती. मागायला आलो आहोत आणि कुणाकडे आलो आहोत, हे त्यांचं त्यांनाच बोलता बोलता उमगत होतं.

इंदूनं क्षणभर विचार केला. "ऐकते मी. कहाणी ऐकाले काही हरकत नाही. पण हात जोडणार नाही, काकू. ते माही प्रतिज्ञा आहे. अन् मले बाराच्या आत जेवा लागते. भोंगा वाजला का मंग उद्या उजाडेपर्यंत अन्न नाही."

"तंवर तं दोन कहाण्या होतीन," देवकाबाई म्हणाल्या. पण मनातून त्या थोड्या दचकल्या होत्या. इतक्या काटेकोर नेमाची बाई त्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती, आणि ती त्यांची सासू होती.

इंदूसाठी त्यांनी ओट्यावर पोतं अंथरलं. दिवा उचलून उंबऱ्याशी आणला, स्वतः उंबऱ्याच्या आत बसल्या. सोय अशी, की कहाणीही व्हावी आणि घरही सोवळं राहावं. पण श्रावणातला वारा. दिवा दोनदा विझला. तिसऱ्यांदा काडी ओढताना इंदू शांतपणे म्हणाली, "काकू, दिवा आत राह्यते तं मीही आत बसते. नाही तं मी जाते, पोळ्या टाकाच्या आहेत माह्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. ओट्याच्या टोकाला पुंडलिकरावांनी पेपर जरा वर धरला. देवकाबाईंनी दिव्याकडे पाहिलं, बोळीत कुणी पाहतंय का तेही पाहिलं, आणि दिवा उचलून आत गेल्या. "ये," एवढंच म्हणाल्या. इंदू चपला बाहेर काढून देवघराच्या दाराशी येऊन बसली.

कहाणी सासूबाईंच्या घराण्यातली होती, छापील पोथीत न सापडणारी. एका गावात एक बाई होती. एक दिवस सूर्यनारायण पाहुण्याच्या वेषात तिच्या दारी आला. बाई कामात होती, तिनं त्याला बस म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगणात ऊन येईना. साऱ्या गावात लख्ख उजेड, हिच्या अंगणात सावली. पापड वाळेनात, धान्याला बुरशी लागली, अंगणातली तुळस वाकली. मग बाईनं सूप उचललं आणि शेजारणीच्या अंगणात गेली. म्हणाली, सूपभर ऊन दे.

शांताबाई इथे 'हूं' म्हणत. त्या सगळीकडेच 'हूं' म्हणत. इंदू म्हणाली, "थांबा, काकू. सूप घेऊन गेली?"

"हो."

"ऊन सुपात राह्यते काय?"

देवकाबाई थांबल्या. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही. "नाही राह्यत," त्या म्हणाल्या, "तेच तं शेजारीण म्हणते. म्हणते, ऊन काही नेता येत नाही, बाई. तूच तुहे पापड इकडे आण."

"शहाणी होती," इंदू म्हणाली. "अन् सूर्यनारायण पाहुणा होऊन आला तं हिनं ओळखलं काहून नाही?"

"वेष घेतला होता नं."

"कसा?"

हे कहाणीत नव्हतं. पण इंदू गुडघ्यावर हनुवटी टेकून अशी पाहत होती, की देवकाबाईंना त्याचा वेष दिसायला लागला. त्यांनी त्याला धुळीचे पाय दिले, फाटकी छत्री दिली. सूर्याजवळ छत्री म्हटल्यावर इंदू हसली, मग त्याही हसल्या. कहाणीत हसायचं असतं की नाही, हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. गोष्ट पुढे सरकत होती आणि इंदू जागोजागी अडवत होती. पापड किती दिवस वाळवले, शेजारणीचा नवरा काही बोलला का. देवकाबाई उत्तरं देत होत्या, नसतील तिथे रचत होत्या. ओट्यावरचा पेपर कधीचा मांडीवर आला होता.

"अन् शेजारणीचं नाव काय होतं?" इंदूनं विचारलं.

"तिचं नाव नाही कहाणीत."

"एवढं केलं तिनं, अन् नाव नाही?"

 देवकाबाईंनी वातीला तूप घातलं, तोवर खाली पाहता आलं. मग बाईनं पाहुण्याची वाट पाहिली, तो आला, तिनं त्याचे पाय धुतले आणि अंगणात ऊन आलं, अशी त्यांनी कहाणी संपवली. स्वतः हात जोडले. इंदू हात मांडीवर ठेवून बसली होती, पण तिचे डोळे चमकत होते.

आता प्रसाद. देवकाबाईंनी चिमूटभर गूळ-फुटाणे घेतले. इंदूनं ओंजळ पुढे केली. आणि देवकाबाईंचा हात, त्यांनी न सांगता, वर गेला. शेतावर मजूर बायांना भाकर देताना जसा जायचा तसा, वरून टाकायला. हात उंचावर आणि खाली उघडी ओंजळ, अशा दोघी असताना नगरपरिषदेचा भोंगा वाजला.

इंदूनं ओंजळ मिटली.

 "चुकलं," देवकाबाई पुटपुटल्या. हात खाली आणून तिच्या अगदी हातापाशी नेला. "घे. अशी घे."

"नाही, काकू. बारा वाजले. आता घेता येत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तसा हात तुमचा उंचच होता."

"मी मुद्दाम नाही..."

"माहीत आहे मले. गाईले बुंदी आवडली होती काय?"

देवकाबाईंना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण इंदूच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. पूर्ण क्षमेचं नव्हतं, पण दार उघडं ठेवणारं होतं. त्या खाली मान घालून खरं तेच बोलल्या. "तिनं वाटीही चाटली."

इंदू गेली. तिच्या घरी पोळ्यांची कणीक झाकलेली राहिली, आणि देवकाबाईंची भाकर-भाजीही. पुंडलिकरावांनी दोनदा आठवण केली. देवकाबाई म्हणाल्या, ऐकणारी उपाशी उठली, सांगणारीनं कसं जेवावं? असा काही नियम आहे का, असं पुंडलिकरावांनी विचारलं. नियम नव्हता. सासूबाईंच्या नेमात ऐकणाऱ्याचा नेम वेगळा असेल ही सोयच नव्हती. देवकाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियम आपल्या मनानं केला.

दुपारी त्या ओट्यावर वाती वळत बसल्या. समोरच्या ओट्यावर इंदू वामनच्या सदऱ्याला गुंड्या लावत होती. तिनं विचारलं, जेवल्या का? देवकाबाईंनी मान हलवली. मग बोळीच्या आरपार दोघींचा वाद रंगला; तुमचा उपास सुटला, तुम्ही जेवा; नाही, मी नाही. इंदू म्हणाली, मले सवय आहे, तुमचं वय झालं. देवकाबाईंना वयाचं बोललेलं आवडलं नाही आणि त्या अधिकच हट्टाला पेटल्या. वादावादीत माहेरं निघाली. इंदूचं रामाकोना, देवकाबाईंचं लोधीखेडा. दोन्ही सौसरकडची. तिकडच्या बाजारातल्या एकाच कासाराकडे दोघींनी लहानपणी हट्ट करून बांगड्या भरल्या होत्या, वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरानं. आणि तो बांगड्या भरताना पोरींना रडू येऊ नये म्हणून कोंबड्यासारखा आरवायचा, हे दोघींनाही आठवत होतं. देवकाबाईंनी तसं आरवून दाखवलं. घरात झोपलेले पुंडलिकराव उठून बाहेर आले.

प्रेमलताबाई तेव्हाच नेमक्या बोळीतून चालल्या होत्या. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता देवकाबाईंनी गरम भाकऱ्या आणि वांग्याची भाजी टोपलीत घातली आणि समोर गेल्या. इंदूनंही पोळ्या आणि मुगाची उसळ केली होती. वामन ड्यूटीवर निघाला होता. या इथे कशा आल्या आणि आपण काय म्हणावं हे न कळून तो सायकल धरून उभा राहिला, शेवटी "बसा, माय" म्हणाला. टोपली ठेवून परत फिरायचं, एवढंच देवकाबाईंनी ठरवलं होतं. पण इंदूनं दोन ताटं घेतली. देवकाबाई त्या ताटाकडे पाहत राहिल्या. स्टीलचं साधं ताट, घासून लख्ख केलेलं. मग त्यांनी पदर खोचला आणि पाटावर बसल्या. पहिला घास उसळीचा घेतला. "मीठ जास्त झालं," त्या म्हणाल्या.

"तुमच्या बिनमिठाच्या जिभेले तसंच वाटणार," इंदू म्हणाली.

जेवताना इंदूनं सांगितलं, की विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज ग्रंथवाचन चालतं. आश्विन पौर्णिमेला समाप्ती. शेवटचा भाग या वर्षी तिनं वाचायचा आहे, आणि एवढ्या लोकांपुढे आवाज फुटेल की नाही याची तिला धास्ती वाटते.

"मी येईन ऐकाले," देवकाबाई म्हणाल्या. म्हणून गेल्यावर त्यांनाच नवल वाटलं.

"खरंच?"

"हात जोडीन का नाही ते मात्र तेव्हा पाहू." इंदूला ठसका लागला.

ही गोष्ट बोळीत पसरायला वेळ लागला नाही. कुणी तोडून बोललं नाही. त्या बोळीत तशी रीत नव्हती. नळावर दोघी एकीच्या मागे एक कळशी लावू लागल्या आणि लोटा घरी राहू लागला, तेव्हा बाकीच्या बायका नुसत्या पाहत. शांताबाईंनी हसून म्हटलं, आता माझी सुट्टी झाली. पण नवरात्र आलं तेव्हा प्रेमलताबाई घरी येऊन, चहा पिऊन, गोड आवाजात म्हणाल्या, की मारुतीच्या देवळातला प्रसादाचा शिरा यंदा उर्मिलाला करू द्यावा. तुमचंही वय झालं. बायका काहीबाही बोलतात, आपल्याला कशाला तो बोल.

तो शिरा देवकाबाई लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. सासूबाईंनी तो कलथा त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी प्रेमलताबाईंकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "रवा कोणाकडून आणता?" कुठला चांगला, किती भाजायचा, तूप कधी सोडायचं, सगळं उर्मिलाला सांगायला सांगितलं. प्रेमलताबाई गेल्यावर त्या चुलीपुढे जाऊन बसल्या. पुंडलिकरावांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, की समोर न गेल्यानं शिरा परत मिळत असेल तर काय करशील? त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. पण नवव्या दिवशी शिरा खाऊन त्या म्हणाल्या, जरा करपला, आणि त्यांच्या आवाजात थोडं समाधान होतं, हे देवालाही कळलं असावं. रात्री त्यांनी त्याची माफी मागितली.

आश्विन पौर्णिमेच्या दुपारी भजनी मंडळाच्या बायका देवळाच्या ओट्यावर कोजागिरीच्या दुधासाठी बदाम-पिस्ते चिरत बसल्या होत्या. देवकाबाईंनाही निरोप आला होता. निरोपात प्रेमलताबाईंचा मऊपणा होता; या आता, झालं गेलं, असा.

देवकाबाईंनी घडीचं हिरवं लुगडं नेसलं. इंदू सकाळीच विहारात गेली होती, समोरच्या दाराला कुलूप होतं. पुंडलिकरावांनी कुठी, असं विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की मागच्या गोठ्याकडून, नाल्याच्या बाजूनं गेलं तर विहार जवळ पडतं. देवळावरून उगाच लांब.

"जवळ पडते," देवकाबाई म्हणाल्या आणि पुढच्या दारानं निघाल्या.

देवळापाशी आल्या तेव्हा प्रेमलताबाईंनी सरकून आपल्या बाजूला जागा केली. देवकाबाईंनी मारुतीला नमस्कार केला. मग म्हणाल्या, "मी विहारात चालली. इंदू वाचणार आहे." बदामावरची सुरी थांबली. कुणीतरी काहीतरी बोललं, ते त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्या रस्त्याला लागल्या. पायातल्या चपला नव्या होत्या, टाचेला चावत होत्या. त्या तशाच चालत राहिल्या.